मावशींनी पुरवलेली उत्तरं

त्या वर्षी कुजबुजमावशींच्या घरात दोन शुभारंभ एकदमच येऊन ठेपले. एक नव्या नाटकाचा, दुसरा नातवंडाचा. नाटकाला जेमतेम आठवडा उरला होता आणि नातवंडाला चांगले दोन-अडीच महिने, पण मावशींची धावपळ पाहून कोणालाही वाटलं असतं की दोन्ही आज संध्याकाळीच आहेत. सकाळी उठून बाळासाठी आणलेलं मऊ कापड धुवायचं, दोरीवर टाकायचं, सुनेपुढे दूध ठेवायचं, ती पिईपर्यंत समोरून हलायचं नाही, आणि मग नाटकाची संहिता काखोटीला मारून थिएटरकडे पळायचं. आनंद पोटात मावत नव्हता. वाटेत भेटेल त्याला थांबवून त्या सांगायच्या, "सातवा लागला." समोरच्याला कोणाचा सातवा हे तरी माहीत आहे का, याची चौकशी त्या करत नसत.

मावशी प्रॉम्प्टर होत्या. विंगेत, पडद्याच्या आडोशाला, एका बुटक्या खुर्चीवर बसायचं आणि नट अडला की त्याला पुढचं वाक्य द्यायचं, हे काम त्या तरुणपणापासून करत आल्या होत्या. वाक्य नटाला ऐकू गेलं पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला जाता कामा नये, अशी ती कला. इतकी वर्षं कुजबुजून त्यांचा एरवीचा आवाजही तसाच होऊन बसला होता. भाजी घेताना त्या कुजबुजत, मग भाजीवालाही कुजबुजतच उत्तर देई, आणि मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला वाटे, दोघं मिळून कोणाचा तरी काटा काढण्याच्या बेतात आहेत.

धंद्याने त्यांना आणखी एक खोड लावली होती. अडलेलं वाक्य त्यांना बघवत नसे. शेजारचे काका बोलता बोलता "ते हे... आपलं..." करू लागले की मावशी "पंक्चर" म्हणून मोकळ्या. काकांना खरोखरच पंक्चर म्हणायचं असे. बहुतेक वेळा शब्द बरोबर निघायचा, हीच तर पंचाईत होती. चुकला असता तर कोणीतरी कधीतरी म्हणालं असतं, "मावशी, जरा थांबा."

मुलगा त्याच थिएटरात रंगमंचावरचे दिवे सांभाळायचा. म्हणून सगळे त्याला दिवटा म्हणत आणि तोही त्या नावाला ओ देत असे. सून नटी होती. चांगली नटी होती. हे नवं नाटक तिलाच समोर ठेवून लिहिलेलं होतं, सुरुवातीच्या तालमीही तिने केल्या होत्या. मग एक दिवस दुसऱ्या अंकातल्या जिन्यावर तिला घेरी आली. पडली नाही, कठड्याला धरून उभी राहिली, पण तेवढं पुरे झालं. दिग्दर्शकापासून दाराशी तिकिटं फाडणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी मिळून ठरवलं, की आता हिने घरी बसायचं. भूमिका एका नव्या मुलीला दिली. "तुला आता याहून मोठी भूमिका मिळालीय," दिग्दर्शक म्हणाला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सूनही हसली होती. मावशींना ते हसू चांगलं आठवत होतं.

एवढं जपायला कारणही होतं. दोन वर्षांपूर्वी एकदा दिवस गेले होते आणि चौथ्या महिन्यात सगळं संपलं होतं. तेव्हा दवाखान्यातून घरी आल्यावर मावशींनी दिवट्याला स्वयंपाकघरात बोलावून बजावलं होतं, "तिच्यापुढे आता हा विषय नको." तो विषय निघाला नाही. पडदा पडला तो पडलाच.

आणि आता सून किती गुणी झाली होती. पूर्वी चहातल्या साखरेवरून सासूशी दोन दोन तास वाद घालणारी पोरगी. "आई, हा चहा नाही, हे औषध आहे," म्हणून कप परत करायची. आता काहीही सांगा, "हो आई." दूध पी, हो आई. झोप जरा, हो आई. झोपायची मात्र दिवसा, भिंतीकडे तोंड करून. केस दोन-दोन दिवस विंचरायची नाही. धुऊन घडी केलेली झबली मावशींनी मांडीवर ठेवली, तर ती तशीच मांडीवर राहिली, जणू कोणी बसमध्ये "जरा धरता का" म्हणून पिशवी दिली होती. मावशींनी थिएटरात सांगितलं, "शांत झालीय अगदी. आईपण आलं की माणूस असंच शांत होतं." मेकअपवाला म्हणाला, "मावशी, मग तुम्ही कधी होणार?" त्यावर सगळे हसले, मावशी सर्वांत जास्त.

त्या दिवशी सकाळी तपासणी होती. दवाखाना चौकापलीकडे, वरच्या मजल्यावर. वजन झालं, रक्तदाब झाला, बाळाच्या ठोक्यांचा टपटप आवाज खोलीभर ऐकू आला आणि मावशींच्या अंगावर काटा उभा राहिला. "बघ कसा पळतोय," त्या म्हणाल्या. सून छताकडे बघत होती.

मग सिस्टरने खुर्ची पुढे ओढली. या दवाखान्यात प्रत्येक गरोदर बाईला मनाबद्दलही चार गोष्टी विचारायची पद्धत होती. सून समोर बसली. मावशी तिच्या मागे, जरा डावीकडे, पडद्याच्या कडेला स्टूल ओढून बसल्या. तिथेच का बसल्या, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"गेल्या काही दिवसांत पूर्वीसारखं हसू येतं का?" सिस्टरने विचारलं.

सून गप्प.

मावशींचे ओठ जेमतेम हलले. "येतं की."

"येतं की," सून म्हणाली.

"एखाद्या गोष्टीची वाट बघावीशी वाटते? उत्साह वाटतो?"

सून गप्प. खाली गाडीचा हॉर्न वाजला.

"घरात दोन-दोन शुभारंभ आहेत," मागून कुजबुज आली.

"घरात दोन-दोन शुभारंभ आहेत," सून म्हणाली, त्याच चालीत, त्याच जागी श्वास घेऊन.

"आणि रडू? उगाच रडू येतं का?"

या वेळी ती जास्त वेळ गप्प राहिली. सिस्टर मान वर करून बघू लागली, तेव्हा मावशींना राहवलं नाही. "आमच्याकडे कोण रडवणार?"

"आमच्याकडे कोण रडवणार," सून म्हणाली.

सिस्टरने एकदा सुनेकडे बघितलं, एकदा पडद्याकडे. मग म्हणाली, "परवा पुन्हा या. एकट्या आलात तरी चालेल." मावशींनी ते शेवटचं वाक्य ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. जिना उतरताना त्या सुनेचा हात धरून म्हणाल्या, "पेपर सोपा गेला." सून म्हणाली, "हो आई."

दुपारची तालीम जोरात चालली होती. शुभारंभाच्या आधीचे दिवस म्हणजे थिएटरला ताप चढलेला असतो. सुतार ठोकत होते, शिंपीण तोंडात टाचण्या धरून धावत होती, दिवटा उंच शिडीवर चढून दिव्यांची तोंडं फिरवत होता आणि खालून दिग्दर्शक ओरडत होता, "जरा डावीकडे. तुझ्या डावीकडे नाही रे, माणसांच्या डावीकडे." मावशी आपल्या बुटक्या खुर्चीवर संहिता उघडून बसल्या होत्या आणि त्यांना वाटत होतं, जगात याहून सुंदर जागा नाही.

दुसऱ्या अंकात घर सोडून गेलेली बहीण परत येते आणि भाऊ तिला विचारतो, "तू परत का आलीस?" त्यावर तिचं वाक्य असतं, "मला तिथं झोप लागत नव्हती." एवढंच.

भावाने प्रश्न विचारला. नवी मुलगी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. ती बोलली नाही. क्षण गेला, दुसरा गेला. सुतारांनीही ठोकणं थांबवलं.

"मावशी, द्या की," दिग्दर्शक अंधारातून ओरडला.

मावशींनी दिलं नाही.

"अहो मावशी, झोपलात का? पोरगी अडलीय."

"अडली नाही," मावशी म्हणाल्या. "थांबलीय."

"मला काय फरक पडतो? वाक्य आलं नाही ना?"

"फरक पडतो." मावशी खुर्चीतून उठल्या. आपल्या कामात कोणी नाक खुपसलं की त्यांची कुजबुज जरा टोकदार होई. "अडलेल्या माणसाचे डोळे शब्द शोधत पळतात. हिचे बघा, जागचे हललेत का? शब्द हिच्याजवळ आहे. जड आहे म्हणून उचलवत नाहीये. अशा वेळी मी माझा दिला, तर ही घेईल. नट घेतोच, बुडत्याला काडी दिल्यावर तो ती घेणारच. माझ्याच चालीत म्हणून टाकेल आणि मोकळी होईल. पण मग तिचा तो जड शब्द आतच..."

आणि मावशी स्वतःच थांबल्या.

दोन-दोन शुभारंभ आहेत. ती चाल त्यांना आता ऐकू आली, कानात कोणी पुन्हा म्हटल्यासारखी. ती सुनेची नव्हती. सुनेचा आवाज असा दुसऱ्या शब्दावर वर जात नाही. तो त्यांचा जातो. आणि डोळे? सकाळी त्या सुनेच्या मागे बसल्या होत्या. त्यांनी डोळे पाहिलेच नव्हते. सकाळीच का, कित्येक दिवसांत पाहिले नव्हते.

"पुढे?" दिग्दर्शक म्हणाला. "आतच काय?"

मावशींनी संहिता मिटून खुर्चीवर ठेवली आणि त्या चालू लागल्या. विंगेतून नाही, सरळ रंगमंचावरून, भाऊ आणि बहिणीच्या मधून.

"मावशी, तालीम चालू आहे."

"चालू दे."

"पडदा पडल्याशिवाय प्रॉम्प्टर उठत नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"मी बरंच काही शिकवलंय, सगळंच धरून बसू नका."

शिडीवरून दिवटा ओरडला, "आई, कुठं निघालीस?"

"घरी. तू फोन जवळ ठेव. आणि शिडीवर असताना उचलू नकोस, खाली उतरून उचल."

मग त्या पळाल्या. त्यांच्या वयाच्या बाईने पळू नये अशा पळाल्या, एक चप्पल त्यांची आणि एक शिंपिणीची, हे त्यांना वाटेत कळलं. भीती तर होतीच, पण भीतीच्या पोटात आणखी काहीतरी होतं, हरवलेल्या वस्तूची जागा एकदम लक्षात आल्यावर होतं तसं. कुठं पेंड खातंय घोडं ते कळलं होतं. आता उशीर व्हायला नको, एवढंच.

सून खाटेच्या कडेला बसली होती. सकाळी बसवली होती तशीच, बाहेर जायच्या कपड्यांत.

"तालीम संपली?" तिने विचारलं.

"नाही." मावशींनी स्टूल ओढलं, आणि या खेपेला समोर ठेवलं. डोळे पाहिले. ते पळत नव्हते. "सकाळी सिस्टरने तीन गोष्टी विचारल्या. उत्तरं मी दिली. आता मी विचारते. तुला कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय, आई. काही नाही."

मावशी काही बोलल्या नाहीत.

बोलल्या नाहीत म्हणजे काय, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं. जिभेवर वाक्यं रांगेने उभी राहिली. थकली असशील. सगळ्यांना होतं असं. माझ्या वेळी तर. एकेक वाक्य दात आवळून त्यांनी परत पाठवलं. शेवटी हाताने तोंड दाबून धरलं. येता येता त्यांनी सवयीने गॅसवर चढवलेली किटली आत शिट्टी वाजवू लागली. सुनेने तिकडे बघितलं. मावशी हलल्या नाहीत. किटली बोंबलत राहिली, मग तिचा दम संपला.

"पाणी आटलं असेल," सून म्हणाली.

मावशींनी मान हलवली. आटू दे.

आणि तेव्हा सून बोलायला लागली. आधी तिचा आवाज कित्येक दिवस न उघडलेल्या दारासारखा कुरकुरला.

"मला काहीच वाटत नाही, आई. हे आत हलतं ना, तेव्हा शेजारच्या घरात कोणी फर्निचर सरकवतंय असं वाटतं. माझ्याशी संबंध नसल्यासारखं. तुम्ही सगळे इतके खूश असता. मला वाटतं, मी कसली बाई आहे." ती थांबली. मावशी थांबल्या. "मला ती भूमिका हवी होती. जिन्याची एवढी भीती होती, तर जिना काढायचा होता. मला काढलंत."

मावशींच्या तोंडावरचा हात आणखी घट्ट झाला.

"आणि मागच्या वेळचं. कोणी नावच काढत नाही. मी रोज मोजते, आता तो केवढा असता. यांना सांगायला गेले तर ते म्हणाले, आईने सांगितलंय तो विषय नको. माझी आई फोनवर विचारते, खातेस ना, आणि मी बोलायच्या आधी म्हणते, खा. कॉलेजात असताना एकदा असंच झालं होतं मला. महिनाभर खोलीतून बाहेर आले नव्हते. ते तुम्हाला सांगितलं नाही. लग्न ठरताना असलं कोण सांगतं?" ती आता रडत होती, पण त्याकडे तिचं लक्ष नव्हतं. "परवा दुपारी वाटलं, झोपावं आणि उठूच नये. खूप सोपं वाटलं ते. मग मलाच भीती वाटली."

मावशींनी तोंडावरचा हात काढला आणि तिचा हात धरला.

"हे सिस्टरला सांगशील?"

"तुम्हीच सांगा ना." सून एकदम लहान मुलीसारखी म्हणाली. "तुम्हाला चांगलं जमतं. तुम्ही म्हणा, मी मागून म्हणेन."

किती सोपं होतं. मावशींना सगळं पाठही झालं होतं, एकदा ऐकलं की त्यांचं पाठ होई. शेजारच्या घरातलं फर्निचर, जिना, कॉलेज, परवाची दुपार, एक स्वल्पविराम न सोडता त्यांनी म्हणून दाखवलं असतं.

"मला नाही येणार," त्या म्हणाल्या. "याची संहिता माझ्याकडे नाही."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. "मग मी सांगितलं तर... तुम्ही बरोबर तरी याल?"

"येईन. दारापर्यंत."

मावशींनी गॅस बंद केला. दवाखाना बंद व्हायची वेळ झाली होती. दिवट्याला फोन केला, तो खाली उतरून उचलायचं विसरला आणि शिडीवरूनच "आलो" म्हणाला. सासू-सुना जिना चढल्या, सून कठडा धरून, मावशी एक पायरी मागून. वर सिस्टर हेल्मेट हातात घेऊन दिवे बंद करत होती.

"सिस्टर," मावशींना धाप लागली होती, "सकाळची उत्तरं चुकली."

"कोणाची?"

"माझी."

सिस्टरने हेल्मेट टेबलावर ठेवलं. "म्हणूनच परवा बोलावलं होतं," ती म्हणाली. "आज आलात ते फार बरं झालं." तिने दिवा पुन्हा लावला आणि सुनेसाठी खुर्ची पुढे केली. मावशी आपोआप स्टुलाकडे वळल्या होत्या.

"आई," सून म्हणाली. "तुम्ही बाहेर बसा."

दार लागलं. आतून काहीच ऐकू येईना. पलीकडे माणसं बोलताहेत आणि आपल्याला एकही शब्द कळत नाही, असं मावशींच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. बाकावर बसवेना. त्या उठल्या, बसल्या, लसीकरणाचं पोस्टर वरून खाली आणि खालून वर वाचलं. तेवढ्यात दिवटा धापा टाकत आला, केसांत धूळ, हातात स्क्रू-ड्रायव्हर.

"काय झालं? बाळ ठीक आहे ना?"

"बाळ ठीक आहे. बायको ठीक नाही."

"म्हणजे? काय झालंय तिला? काय म्हणाली?"

सगळं जिभेवर होतं. "तिला विचार," मावशी म्हणाल्या. "आणि विचारून गप्प बस. मेल्यासारखा गप्प बस. मी आत्ताच करून आलेय, जमतं."

बऱ्याच वेळाने दार उघडलं. सिस्टर दिवट्याला म्हणाली, "तुम्ही या आत." मग मावशींकडे वळली. "मनाच्या डॉक्टरांशी बोलले मी. उद्या सकाळची पहिली वेळ दिलीय त्यांनी. आज रात्री तिला एकटं ठेवायचं नाही. परवासारखं पुन्हा वाटलं तर उद्याची वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा." मावशी मान हलवत होत्या. त्यांचा चेहरा बघून सिस्टर थांबली. "हा आजार आहे, मावशी. कितीतरी जणींना होतो, आणि बरा होतो. लाड कमी पडले म्हणून येत नाही, आणि लाड करून जात नाही. आधी एकदा येऊन गेलेला असला, एखादं दुःख बोलायचं राहून गेलं असलं, आवडतं काम हातातून गेलं असलं, तर जास्त गाठतो. औषध लागेल की नुसतं बोलून भागेल, ते डॉक्टर ठरवतील. वेळेत आलात."

"मी काय करू?" मावशींनी विचारलं.

"सकाळी काय करत होतात?"

"बोलत होते."

"मग ते नको," सिस्टर म्हणाली, आणि हसली.

फोन वाजला. दिग्दर्शक होता. तालीम खोळंबली आहे, दिवे लावायला कोणी नाही, प्रॉम्प्टर नाही, शुभारंभ तोंडावर आला आहे, आणि ती नवी पोरगी म्हणतेय की मावशी म्हणाल्या ते बरोबर आहे, मी थांबलेच होते. मावशींनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, उद्या सकाळी त्यांना काम आहे, खुर्चीवर दुसऱ्या कोणाला बसवा. आणि तो जिना कोणी आणि का ठेवला, हे शुभारंभानंतर विचारायला येणार आहे, तोवर उत्तर तयार करून ठेवा. फोन ठेवला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की त्या मघापासून मोठ्याने बोलत होत्या. बाकाभोवतीची सगळी रिकामी जागा त्यांच्या आवाजाने भरली होती.

सून आणि दिवटा बाहेर आले. दिवट्याचे डोळे लाल होते. सुनेचेही लाल होते, पण तिची मान जरा सैल झाल्यासारखी दिसली, दिवसभर ओझं वाहून उतरवलेल्या माणसाची असते तशी.

"मागच्या वेळचंही सांगितलं," सून म्हणाली. "यांच्यासमोर."

मावशींना म्हणायचं होतं, बरं केलंस. त्या म्हणाल्या नाहीत.

तिघं खाली आले. बाहेर ऊन अजून होतं, दुकानांच्या काचांवर पिवळं पडलं होतं, शाळा सुटली होती आणि चौकात ही गर्दी. पायी जाणाऱ्यांचा हिरवा दिवा लागला. मावशी पाऊल उचलणार, तोच सून थांबली. पोटावर हात ठेवून, खाली मान घालून उभी राहिली. आत काहीतरी हललं असावं, किंवा नुसता दम लागला असेल. दिवट्याने तोंड उघडलं. मावशींनी त्याच्या हातावर हात ठेवला.

हिरवा गेला. लाल लागला. मागचा एक सायकलवाला त्यांना वळसा घालून पुढे गेला आणि म्हणाला, "रस्त्यात काय झोपलात?" मावशींनी त्याला उत्तर दिलं नाही, आणि हे सोपं नव्हतं. गाड्या जोरात जात होत्या. पुन्हा हिरवा लागला, पुन्हा गेला. दोघं तिच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले.

मग सुनेने मान वर केली, आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे.

"थोडं हळू चालू या," ती म्हणाली, आणि पुढचा हिरवा लागल्यावर तिने पाऊल टाकलं.